कागदाची मागची बाजू

वर्षा,

ओसरीची दोरी मी अजून सोडलेली नाही. तुझा दादा दोनदा म्हणाला, "आता कशाला ती? येता-जाता आडवी यायली." मी म्हटलं, राहू द्या. तीच निळी नायलॉनची दोरी, या खांबापासून त्या खांबापर्यंत. पाहुणा तिच्या अलीकडे, तू पलीकडे. आता तिच्यावर टॉवेल वाळतात. पण वाकून तिच्याखालून आत जाताना मी अजून तुझ्या आवाजाची वाट बघते, "वैनी, हात धुतलीस का?"

तू गेलीस त्याला आज सव्वीस दिवस झाले. रोज दुपारी चारला तुझा मोबाईल वाजतो. 'ताप' असं नाव देऊन तूच लावलेला गजर. तो बंद करायला मला येतं, पण मी करत नाही. उलट मोबाईल रोज चार्जिंगला लावते. गजर झाला की हातातलं काम टाकून उठते, थर्मामीटर घेते आणि तुझ्या खाटेपाशी जाऊन उभी राहते. परवा तर "उघड तोंड" असं म्हणूनही गेले. खाटेवरची चादर मधोमध खोलगट झाली होती, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. मी ती झटकून नीट घातली. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तशीच. तुझा दादा म्हणतो, मांजर बसत असंल. असेल.

मला तुझ्याशी एका गोष्टीवर बोलायचं आहे. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, त्यालाही नाही. पण एकदम तिथं पोचायची माझी हिंमत होत नाही. आधी इकडचं तिकडचं बोलते. तुला माझी ही खोड माहीत आहे, तू वैतागायचीस, "मुद्द्यावर ये की वैनी, तास संपत आला."

लग्न होऊन मी ताडकळसला आले तेव्हा तुला 'वर्षाताई, तुमी' म्हणायची. तू माझ्याहून चार वर्षांनी लहान. एके दिवशी भाकरी थापताना तू माझ्यासमोर बसकण मारलीस आणि म्हणालीस, "तुमी-तुमी केलं की मला माझ्या शाळेतल्या पोरांसारखं वाटतंय. भांडायला आलीस ना या घरात? मग तू म्हण." त्या दिवसापासून भांडलो. नणंद-भावजय भांडतात तसं नाही, दोघी बहिणी एका फणीवरून भांडतात तसं. मी अंगणवाडी सेविका, तू जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. तू मला म्हणायचीस खिचडीवाली आणि मी तुला खडूवाली. माझ्या अंगणवाडीतून सुटलेली पोरं पुढं तुझ्याच वर्गात यायची आणि त्यांना काही आलं नाही की तू घरी येऊन माझी शिकवणी घ्यायचीस.

मग ल्युपस आला. आधी आपल्याला वाटलं उन्हानं चेहरा लाल झाला. मग बोटं सुजली, मग किडनी. आपल्याच अंगातली राखण आपल्याच अंगावर उठते, हे डॉक्टरांनी सांगितलं ते मला तेव्हा पटलंच नव्हतं. ऊन वर्ज्य म्हणून तू बारा महिने छत्री घेऊन शाळेत जायला लागलीस आणि पोरांनी तुला 'छत्रीवाल्या बाई' करून टाकलं. गोळ्यांनी तुझा चेहरा फुगला. एक औषध थकलं की दुसरं, दुसरं थकलं की तिसरं. शेवटी पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुला या नव्या इलाजाचं सांगितलं. अजून प्रयोगच चालू आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

प्रयोग हा शब्द ऐकला आणि मी उखडले. "उंदीर समजलेत का तुला?"

तू शांतपणे म्हणालीस, "उंदराला कुणी सही मागत न्हाई, वैनी."

ते भांडण आपण कधी पुरं केलंच नाही. तू त्या संमतीपत्राची सगळी पानं वाचलीस, पेन्सिलीनं खुणा करत, वह्या तपासतेस तशी. मी एकही पान वाचलं नाही. रागानं. मला वाटायचं, मी वाचलं तर माझीही सही झाल्यासारखी होईल.

मला समजावून सांगताना मात्र तुला केवढी मजा आली होती. "हे बघ, माझ्या रक्तातल्याच पेशी काढणार. त्यांना प्रयोगशाळेत शिकवणार, की ह्या ह्या भांडखोरांना पकडा. आणि परत माझ्यात सोडणार."

"म्हंजे तुझ्या पेशी शाळेत जाणार?"

"हां. आन मी पालकसभेला."

पेशी शाळेतून परत येईपर्यंत आपण पुण्यात एका खोलीत राहिलो. त्या परत आल्या त्या एवढ्याशा पिशवीत. पाचदहा मिनिटांत पिशवी रिकामी झाली. मी म्हटलं, बास? एवढ्यासाठी एवढं? पुढचे आठ दिवस तू तापानं फणफणलीस, मला ओळखेनाशी झालीस, आणि मी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्या पिशवीला, डॉक्टरांना आणि तुला शिव्या घातल्या. मग ताप उतरला. महिन्याभरात लघवीतून जाणारं प्रोटीन कमी व्हायला लागलं. गोळ्या एकेक करून सुटल्या. चेहऱ्याची सूज उतरली आणि आतून माझ्या लग्नातली वर्षा निघाली. आरशात बघून तू म्हणालीस, "वळखलीस का मला?" मी मोठ्यानं रडले. तो इलाज खरा होता, वर्षा. तेवढं मी मान्य करते. त्या भांडणात तू जिंकलीस.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की वाईट पेशींबरोबर चांगली राखणही गेली आहे, ती परत यायला बरेच महिने लागतील, तोवर हिला साधा जंतूही भारी पडेल. आणि एक कागद दिला, मराठीत छापलेला. काय टाळायचं, काय करायचं. आता माझा पदर खोचायचा दिवस आला होता. चौदा वर्षं मी गावातल्या बायकांना हात धुवायला शिकवते. ताडकळसला उतरल्या उतरल्या मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्या कागदाची मोठी प्रत काढली आणि ओसरीच्या भिंतीवर चिकटवली. अस्सल कागद तुझ्या फाईलीत गेला. बारा नियम होते. ते मला तोंडपाठ झाले. ताजं शिजवलेलं, उकळलेलं पाणी, रोज ताप बघणे, गर्दी नको, खोकणारा माणूस नको.

दोरी मी दुसऱ्या दिवशी बांधली. आजारी माणसाला भेटायला येणं हे आपल्याकडं जेवणाइतकं नेमाचं. तू बरी होऊन आलीस म्हटल्यावर अर्धं गाव नारळ नि बिस्किटाचे पुडे घेऊन लोटलं. मी दोरीपाशी उभी. कुणाचं म्हणून ऐकलं नाही. बोरीच्या मावशी, तुझ्या आईची सख्खी बहीण, दोन एसट्या बदलून आल्या. गळ्याला मफलर आणि खोकला. मी त्यांना दोरीच्या आत घेतलं नाही. त्या अंगणातच उभ्या राहिल्या. तू आतून हात केलास. त्यांनी लाडवांचा डबा पायरीवर ठेवला आणि म्हणाल्या, "उंबऱ्यातून माघारी लावलीस बाई मला. माझ्याच बहिणीच्या घरातून." मी म्हटलं, "मावशी, हिला जगवायचंय मला." मला माझाच अभिमान वाटला. सगळ्या तालुक्यात अशी राखण कुणी केली नसेल, असं वाटलं. तेराव्याला मावशी आल्या तर आपसूक दोरीच्या अलीकडेच थांबल्या. या ना आत, म्हटलं, तर म्हणाल्या, "आता येऊन कुणाला भेटू?"

आता मुद्द्यावर येते.

येळवस. मार्गशीर्षातली ती वेळ अमावस्या तुमच्या घरी साधीच असायची. शेतात नैवेद्य दाखवायचा आणि परत. कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोपी, आंबील, बाजरीचे उंडे, पालेभाज्यांची भज्जी, सगळं गोत बोलावून शेतात जेवणं, हा सगळा थाट मी गंगाखेडकडच्या माहेराहून आणला. तू त्याला 'वैनीचा सण' म्हणायचीस. आजारपणातली सगळी वर्षं ऊन नको म्हणून तू त्या दिवशी घरी बसायचीस आणि संध्याकाळी मी डब्यात भज्जी आणून द्यायची.

यंदा मीच म्हटलं, वर्षाला न्यायचं. पाहुणे कुणी नाही, आपण तिघंच. तुझा दादा नको म्हणत होता. "दवाखान्यात फोन करून विचार तरी आधी."

आणि मी म्हटलं, "दवाखान्याला काय कळतंय येळवशीतलं? मोकळ्या हवेत कुठं रोग असतोय का?"

हे वाक्य मी म्हटलं, वर्षा. याच तोंडानं. गर्दी वाईट, शहर वाईट, एसटी वाईट, दवाखाना वाईट. शेत मात्र चांगलं. शेतातलं काही बाधेल हे माझ्या डोक्याला शिवलंही नाही. जिनं सख्ख्या मावशीला परत लावलं, तिनं एक फोन केला नाही. तू खाटेवर बसून ऐकत होतीस. म्हणालीस, "दादा, वैनी बरोबर म्हणायली. जाऊ."

तुझ्या दादानं शेतातल्या आखाड्यावर कोपी घातली. यंदा पावसानं गंजीतला कडबा खालून भिजला होता. तो पेंढ्या झटकून झटकून उभ्या करत होता आणि प्रत्येक पेंढीतून काळी भुकटी उडत होती. त्याचा सदरा काळा झाला. मी पुढं होऊन माझ्या हातानं तो झटकला आणि त्याला हसले.

तू कोपीत बसलीस. मी तुला आंबील तोंडाला लावू दिली नाही. "आंबवलेलं हाय, तुला चालत न्हाई," असं म्हणून उकळलेल्या पाण्याची बाटली पुढं केली. बारा नियम पाठ होते ना मला. कडब्याला टेकून तू बसली होतीस, तिरीप आत येत होती आणि त्या उजेडात धूळ तरंगत होती. तू तोंडावरचा मास्क काढलास. मी डोळे वटारले तर म्हणालीस, "जरा वेळ. वास घिऊ दी की." आणि डोळे मिटून लांब श्वास घेतलास. हरभऱ्याचा, कडब्याचा, भज्जीचा. "वैनी, लय दिवसांनी कुठंतरी बसले मी," एवढंच म्हणालीस.

आता कडब्याचा वास आला की मला तो श्वास ऐकू येतो. रस्त्यानं कडब्याचा ट्रॅक्टर गेला तरी मी पदर नाकाला लावते. माझ्या नाही, तुझ्या नाकाला लावायला पाहिजे होता, हे मागाहून सुचतं.

दहाव्या दिवशी चारच्या गजराला ताप निघाला. मग खोकला. मग पुणे. फुप्फुसात बुरशी, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघींसमोर विचारलं, "गेल्या काही आठवड्यांत धूळ, माती, सुका चारा, गोदाम, असं कुठं काही?" मी तोंड उघडलं. त्याआधी तू मास्कमधून बोललीस, "नाही मॅडम. घरातच होते." आणि माझं मनगट धरलंस. तुझ्या हातात तेवढा जोर कुठून आला होता? मी गप्प राहिले. मला वाटलं, नियम मोडला म्हणून तू लाजतेस. दुसऱ्या दिवशी सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुला श्वासाच्या यंत्रावर घेतलं. मी दारातून बघत होते आणि माझ्या जिभेवर कडबा हा शब्द अडकून बसला होता. तो तसाच राहिला आणि तू गेलीस.

तेव्हापासून मी या घरात चोरासारखी वावरते. तुझा दादा मुकाट जेवतो. त्यानं मला एकदाही विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी सुक्या चाऱ्याचं विचारलं होतं, हे मी सांगितलं तर काय होईल? मी नेलं हे खरं, पण कोपी त्यानं घातली, पेंढ्या त्यानं झटकल्या. माझ्या माथ्यावरचं ओझं हलकं करायला त्याच्या हातांना ते लावायचं का? या एका विचारानं सव्वीस दिवस माझी जीभ बांधून ठेवली.

आज सकाळी शाळेतून निरोप आला, तुझ्या सेवापुस्तिकेची कागदपत्रं पाहिजेत. म्हणून तुझी फाईल उघडली. सगळ्यात वर तो अस्सल कागद. मला आधी हसूच आलं, बारा नियम, तोंडपाठ. प्रत्येकापुढं तुझी पेन्सिलीची टीक. मग कागद हातातून निसटून उलटा पडला.

मागच्या बाजूलाही छापलेलं होतं, वर्षा. सात नियम. घर, जनावरं, शेत. झेरॉक्सवाल्यानं एकच बाजू काढली आणि मीही ती बघितली नव्हती. अठरावा नियम: कडबा, वाळलेला चारा, भुसा, शेणखत यांच्याजवळ बसू नये, त्यातली बुरशी जिवावर बेतू शकते. त्याच्यापुढंही टीक. आणि टिकेपुढं तुझ्या अक्षरात, पोरांच्या वहीत शेरा लिहितेस तसं बारीक, एकच शब्द: 'येळवशीनंतर.' खाली सही आणि तारीख. येळवशीच्या आधी चार दिवसांची.

मी फाईल मांडीवर घेऊन जमिनीवर बसले. पहिल्यांदा तुझा राग आला, इतका की तू समोर असतीस तर मी तुझ्या गालात मारली असती. माहीत होतं तुला. मी बढाया मारत होते तेव्हा तू खाटेवर बसून ऐकत होतीस आणि तुला माहीत होतं. एक शब्द बोलली असतीस तर मी शेताला आग लावली असती, पण तुला जाऊ दिलं नसतं. म्हणूनच बोलली नाहीस. हे तू ठरवलंस, मला न विचारता, आणि माझ्या सणाच्या दिवशी. मी हे कसं माफ करू, सांग. आणि मग तो श्वास आठवला. वर्षानुवर्षं छत्रीखाली काढून एकदा शेतात बसायचं होतं तुला. एवढंच. मग दवाखान्यात खोटं बोललीस ते लाजून नाही. मला वाचवायला बोललीस. माझं मनगट त्यासाठी धरलंस.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. म्हटलं, एक सांगायचं राहिलं होतं. सगळं सांगितलं. मग मी विचारलं, "त्या दिवशी सांगितलं असतं तर ती राहिली असती का?" त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, बुरशीचा संशय होताच, औषध पहिल्याच दिवशी सुरू केलं होतं. पण ती कडब्यातूनच आली की घरातल्या धान्यातून, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. म्हणजे हे मला जन्मभर कळणार नाही. मी म्हटलं, "मग एवढं करा. तो अठरावा नियम पहिल्या पानावर घ्या, सगळ्यात वर. आणि नुसता कडबा लिहू नका, कोपीत बसू नये असंही लिहा. आमच्याकडं बाया मोकळी हवा म्हणून नेतील. मी नेलं तसं." त्या म्हणाल्या, लिहिते. तुझ्यानंतर त्यांच्याकडं आणखी बाया आहेत, वर्षा. त्यांच्याही पेशी शाळेत गेल्या आहेत. त्यांच्याही घरी कुणीतरी माझ्यासारखी असेल, सगळे नियम तोंडपाठ असलेली.

मग मी तुझीच पेन्सिल घेतली. तुझ्या सहीच्या खाली, तू तपासलेल्या वहीवर लिहितेस तसं, लिहिलं: पाहिले. आणि आजची तारीख.

आत्ता चारचा गजर होऊन गेला. मी उठले, थर्मामीटर घेतलं, तुझ्या खाटेपाशी उभी राहिले. चादर खोलगट होती. आज मी ती झटकली नाही.

तुझा दादा आखाड्यावरून येईलच. आला की तो आधी ओसरीत बसून तांब्याभर पाणी पितो, मग बोलतो. सकाळपर्यंत मला वाटत होतं, हे त्याला सांगणं म्हणजे त्याच्या हातांवर खापर फोडणं. आता तुझं अक्षर आहे. त्यानं कोपी घातली, मी नेलं, आणि तू जाणून गेलीस. तिघांचं आहे ते, एकट्याचं कुणाचंच नाही.

तांब्या भरून दोरीच्या अलीकडे ठेवला आहे. त्याच्याखाली तो कागद, मागची बाजू वर करून.

तुझी,
वैनी